उसनी चाल

गणपतभावजी पडद्यावर इतक्या वेळा मेले होते, की ते खरोखरच गेल्याचं पत्र मुंबईहून आलं तेव्हा वाडीतल्या निम्म्या लोकांनी ते मनावर घेतलंच नाही. ‘मेलो आसतलो खंयच्या तरी सिनेमात,’ असं म्हणून पत्र आणणारा पोस्टमनसुद्धा हसला. मला हसू आलं नाही, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं नाही. माझं जे काय रडणं होतं ते त्याआधी दोन महिने, मे महिन्यात, एका दुपारी उरकून झालं होतं. ते कसं, हे सांगायचं तर भावजींची हकिगत सांगायला हवी. सगळी मला ठाऊक नाही. मुंबईत ते कुठे राहत, काय खात, लग्न का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. मला ठाऊक होते ते मे महिन्यातले भावजी.

आमची वाडी आचऱ्याच्या खाडीपासून अर्ध्या मैलावर. तोरसकरांचं, म्हणजे भावजींचं, घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची बुटकी भिंत, तीही एका ठिकाणी पडलेली. तेवढा भाग मुद्दामच कोणी बांधून काढला नव्हता, कारण गणपतभावजी आणि आमचे हे लहानपणापासून त्याच खिंडीतून एकमेकांकडे जात. ‘आमचे हे’ म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. पुढे सासूबाईंच्या बोलण्यात ते येईलच.

हे मंगळुरी कौलं वाहणाऱ्या गलबतावर होते. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, पावसाळ्याच्या तोंडावरची शेवटची खेप घेऊन ते निघाले आणि गलबत मुंबईला पोचलंच नाही. ना फळी सापडली, ना माणूस. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि लग्नाला दोन वर्षं झाली होती. रडून झाल्यावर सासूबाईंनी मला कुंकू पुसू दिलं नाही. ‘मढां बघल्याशिवाय मी मानूचंय नाय,’ म्हणाल्या. मी मग शाळेत मास्तरीण झाले आणि दोघींचं घर चालवू लागले.

गणपतभावजी त्याच्या आधीच मुंबईला गेले होते, एका स्टुडिओत खुर्च्या-टेबलं उचलायच्या कामावर. एके दिवशी हवालदाराचं काम करणारा माणूस आला नाही, म्हणून त्याचे कपडे भावजींच्या अंगावर चढवले. ते कपडे त्यांच्या अंगावरून पुढे वीस वर्षं उतरले नाहीत, म्हणजे कधी हवालदाराचे, कधी बेलिफाचे, कधी दवाखान्यातल्या वॉर्डबॉयचे, आणि बऱ्याचदा नायिकेच्या खोकणाऱ्या बापाचे. काम दहा मिनिटांचं असायचं. पोस्टरवर नाव नाही, सुरुवातीच्या नावांच्या यादीतही असलं तर ‘व इतर’मध्ये. पण सिनेमा पाहून आलेला माणूस नायकाचं नाव विसरायचा आणि म्हणायचा, ‘तो बेलिफ कोण हो? अगदी आमच्या कोर्टातला वाटला.’

मालवणच्या पत्र्याच्या थेटरात त्यांचा पहिला मरणाचा सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळी बैलगाडी जोडून तीनच्या खेळाला गेलो होतो. भावजींची आई भागीरथीकाकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. लेक पडद्यावर खोकत खोकत मेला. काकूंनी गाडीत चणे खाल्ले, हसल्यासुद्धा. पण घरी आल्यावर पुढच्या दाराने आत न जाता त्या थेट विहिरीवर गेल्या आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. मी म्हटलं, काकू, अहो भावजी मुंबईत धडधाकट आहेत. तर म्हणाल्या, “झिलाक मरताना बघून इलंय गो. तशीच घरात कशी शिरू?” पुढे भावजी जितक्या वेळा मेले तितक्या वेळा काकूंनी आंघोळ केली. वाडी हसायची. भावजींना हे कळलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. दिग्दर्शकाने पाठ थोपटली नाही तरी चालेल, म्हणाले, आवशीने आंघोळ केली म्हणजे काम बरं झालं.

दर मे महिन्यात ते पंधरा-वीस दिवस यायचे. ट्रंकेत दोन शर्ट, आमच्या शाळेसाठी रंगीत खडूंचा एक डबा आणि सासूबाईंसाठी तपकीर. आल्या आल्या बाजारात जाऊन बसायचे ते जेवायच्या वेळेपर्यंत. लोकांना वाटे, मुंबईचा माणूस मिरवायला बसलाय. ते बघत असायचे, आणि तेही तोंडाकडे नाही, पायांकडे. “माणूस तोंडात नाय वैनी, पायात आसता,” असं मला एकदा सांगितलं. ओहोटी लागली की समुद्रावर जायचे. ज्याची चाल घ्यायची तो माणूस ओल्या वाळूवरून गेला की त्याच्या उमटलेल्या पावलांशेजारून स्वतः चालायचे, मग मागे फिरून दोन्ही ओळी वाकून तपासायचे. टाच कुठे रुतली, अंगठा कुठे जास्त दाबला, दोन पावलांत किती अंतर. जमलं नाही तर पुन्हा. मे महिन्यात शाळा बंद असे, पण किल्ली माझ्याकडे; तिच्या पडवीतून मी बघायची. दोन्ही ओळी सारख्या दिसू लागल्या की गडी खूश व्हायचा आणि भरती येऊन त्या पुसेपर्यंत तिथेच बसून राहायचा.

यात एकदा घोटाळा झाला तो पेद्रूचा. पेद्रू म्हणजे आमचा पाववाला. डोक्यावर पावाची टोपली घेऊन वाड्यावाड्यांतून फिरायचा, आणि टोपली नसली तरी मान अशी ताठ की नजर खाली उतरायची नाही. भावजींनी ती चाल उचलली आणि एका न्यायाधीशाला देऊन टाकली. पडद्यावर तो न्यायाधीश असा भारदस्त वाटला की बोलायची सोय नाही. डोक्यावर पावाची टोपली आहे हे फक्त आमच्या वाडीला दिसत होतं. पेद्रूने तो सिनेमा तीनदा पाहिला. सुरुवातीला फुशारला. मग पोरं ‘जज्जसायब इलो’ म्हणून ओरडू लागली, आणि पेद्रू आपण कसे चालतो याचा विचार करू लागला. चालण्याचा विचार केला की चाल बिघडते. आठवड्याभरात त्याची टोपली दोनदा पडली. वीस वर्षांत पडली नव्हती.

भावजी पुढच्या मे महिन्यात आले तेव्हा हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. पेद्रूला घेऊन ते आठवडाभर वाळूवर गेले आणि त्याची चाल त्यालाच शिकवली. पेद्रू म्हणे, आपलीच गोष्ट परत मिळाली, पण धुऊन मिळाल्यासारखी वाटते. त्या दिवसापासून भावजींनी नेम केला, जित्या माणसाची चाल घ्यायची नाही. घ्यायची ती गेलेल्यांची. त्यांना ती लागत नाही.

मग त्यांच्या सिनेमांतून आमच्या वाडीतली मेलेली माणसं फिरू लागली. देवळातला जुना गुरव एका सिनेमात तुरुंगाचा पहारेकरी होता. भावजींचे वडील कधी सावकाराचे दिवाणजी होऊन आले तर कधी स्टेशनमास्तर. म्हाताऱ्या बायका थेटरात एकमेकींना कोपराने ढोसत आणि पदर तोंडाला लावत. माझ्या सासूबाई कधी जात नसत. पण कोण कोण दिसलं ते मला विचारून घेत, आणि माझं सांगून झालं तरी उगीच थोडा वेळ माझ्याकडे बघत बसत.

यांना जाऊन बारा वर्षं झाली. माणूस नाहीसा झाला आणि बारा वर्षं आला नाही, तर पळसाच्या पानादेठांचा पुतळा करतात, नारळाचं डोकं लावतात आणि त्याला अग्नी देतात. मग तो माणूस मेला असं धरतात. भटजी दोनदा येऊन सांगून गेले, दुसऱ्या वाडीत राहणारे माझे चुलत दीर माझ्या तोंडाकडे बघून सासूबाईंना समजावून गेले. सासूबाई हलेनात. आणि मी?  गळ्यात काळे मणी होते, पण ज्याचे घातलेत त्याची वाट बघायची की श्राद्ध घालायचं हे ठाऊक नसताना बारा वर्षं काढली होती. जे काय व्हायचं ते एकदा होऊ दे, एवढंच वाटत होतं. त्यात भावजी मे महिन्याचे आले. त्यांनी तपकिरीची डबी हातात दिली, तेव्हा सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“गणू, तू जगाची सोंगा करतंस. माज्या वसंताचा येक कर. येकदा बघतंय. मगे जाळा तेका.”

भावजींनी दोन दिवस तोंड दाखवलं नाही. त्यात एकदा नकार सांगायला आले ते माझ्याकडे, बंद शाळेच्या पडवीत. म्हणाले, बाकीच्यांची चाल मी बघून बघून शिकलो, यांची मला शिकावीच लागणार नाही, म्हणून भीती वाटते. मी म्हटलं, त्या म्हातारीचा जीव अडकलाय. माझा अडकलाय असं मी म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी, अकराच्या सुमारास, मी चुलीपुढे होते. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. यांची चाल कशी होती ते सांगते. डावा पाय जरा बाहेर पडायचा, आणि तीन-चार पावलांनी उजवा खांदा हलकेच वर जायचा, खांद्यावरचं ओझं सारखं करावं तसा. आणि पायरीशी आले की टाच दगडावर दोनदा आपटून वाळू झाडायचे. ते दोन ठोके ऐकले की मी हातातलं टाकून उठायची. त्या दिवशी ते दोन ठोके ऐकू आले आणि मी उठले. भावजी येणार हे मला ठाऊक होतं, तरी उठले. दाराआडून पाहिलं तर पायरीवर हे उभे होते. तोंड भावजींचं होतं. तोंडाचं काय एवढं.

सासूबाईंनी पेज वाढली, भाजलेला सुका बांगडा ठेवला. ते जेवले, बोटं चाटायची तशीच चाटली. सासूबाई त्यांच्या पायांकडे बघत होत्या. काही विचारलं नाही, कुठे होतास, का आला नाहीस, काही नाही. जेवण झाल्यावर ते उठले, पायरी उतरले आणि वळून म्हणाले, “आये, जातंय.”

आमच्याकडे घराबाहेर पडणारा माणूस ‘येतंय’ म्हणतो. जातो असं म्हणायचं नसतं. हेसुद्धा शेवटचे निघाले तेव्हा ‘येतंय’ म्हणूनच निघाले होते, आणि सासूबाई त्या एका शब्दावर बारा वर्षं बसून होत्या. आता त्यांनी जेवलेलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, “जा, बाबा.” तो माडांतून खाडीच्या बाजूला दिसेनासा होईपर्यंत त्या बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, भटजींना निरोप दे.

पुतळा जाळला. मी मणी उतरवले, कुंकू पुसलं. सासूबाई पोटभर रडल्या आणि नंतर चार वर्षं शांतपणे जगून गेल्या. त्या सुटल्या. भावजी मात्र अडकले.

पुढच्या वर्षी आले ते बाजारातून येताना मी लांबून पाहिले आणि माझ्या हातातून पाटी पडायची राहिली. डावा पाय बाहेर, खांदा वर. मी म्हटलं, भावजी, पुरे आता. तर ते खाली मान घालून म्हणाले, “घात झालो, वैनी. पेद्रूची घेतलेली पेद्रूक दिलंय. ही कोणाक देव?” वर्षभर त्यांना ती चाल सोडता आली नव्हती. गंमत अशी की मुंबईत त्यामुळे त्यांची कामं वाढली. लोकांना त्या चालीत काहीतरी दिसे. दहा मिनिटांची कामं अर्ध्या तासाची झाली, आणि एका सिनेमात तर पोस्टरच्या कोपऱ्यात त्यांचं डोकंसुद्धा आलं. वाडीत नारळ फुटले.

आणि मी मालवणला जाऊ लागले. शिक्षकांच्या सभेचं निमित्त असे. पहिल्या सिनेमात ते टपालवाले होते. बंगल्याची पायरी चढताना टाच दोनदा आपटली आणि मी थेटरात उठून उभी राहिले. मागचा माणूस ‘बसा हो बाई’ म्हणून खेकसला. पुढे सवय झाली. तीनच्या खेळाला जायचं, शेवटच्या रांगेत बसायचं. हे गेले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. पडद्यावर मी त्यांचे केस पिकताना पाहिले, चष्मा लागलेला पाहिला, एकदा तर मुलीला सासरी पाठवून अंगणात एकटेच फेऱ्या मारताना पाहिलं. मला मूल नाही. त्या फेऱ्यांसाठी तो सिनेमा मी चार वेळा पाहिला. त्या वर्षांत मी सुखात होते. बोडक्या कपाळाने, दुसऱ्याच्या पायांवर नवरा बघत सुखात होते, हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू?

भागीरथीकाकू आणि सासूबाई एकाच वर्षी गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी भावजी आले ते वाळलेले, चार पावलांवर दम लागणारे. एका सकाळी ओहोटीला मला हाक मारून वाळूवर घेऊन गेले आणि स्वतःच्या पावलांची ओळ दाखवली. म्हणाले, माझं काम आता संपत आलंय, कोणी बोलवत नाही, त्याचं काही नाही. पण खोलीत एकटा असतो, पाणी प्यायला उठतो, तरी तुझा माणूसच उठतो. मग ते माझ्याकडे न बघता बोलले.

“माजी चाल कशी होती ता आवशीक म्हायत होता. ती गेली. आता तूच रवलंस, वैनी. तू आमका दोघांक बघल्लंस. माका माज्या पायांनी मराक होया. सांग, मी कसो चलत होतंय?”

त्यांनी विचारलं त्याच क्षणी मला आठवलं. लग्नानंतरचे ते दोन मे महिने, माडांतून येणारी दोघं, पुढे हे, मागे भावजी, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि मी म्हटलं, “माका याद नाय, भावजी.”

का म्हटलं, ते सांगायला नको. त्यांना त्यांची चाल मिळाली की माझा माणूस जाणार होता, आणि या वेळी पानांचा पुतळाही उरला नसता. भावजी ‘बरां’ म्हणाले आणि वाळूवर बसून राहिले. मी घाईघाईने घरी गेले. त्या वर्षी शाळेत मुलांना मी फार मारलं, एवढं आठवतं.

पुढच्या मे महिन्यात ते पुन्हा आले. मला त्यांनी परत विचारलं नाही. निघायच्या दिवशी, एस.टी.ला अवकाश होता म्हणून, आमच्या पायरीवर पाणी प्यायला थांबले. दोनदा टाच आपटली. मी तांब्या घेऊन बाहेर आले तर ते वाकून तीच टाच चोळत होते. पाय सुजलेला होता, आपटल्यावर दुखत असणार, तरी आपटावा लागत होता. इतकी वर्षं मी ते ठोके ऐकत होते. तो पाय कुणाचा आहे हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. मला माझी फार लाज वाटली.

मी तांब्या त्यांच्या हातात दिला आणि सांगून टाकलं. “तुमी तेंच्या फाटसून चलत होतास. टाचो उचलीत नाय होतास, घसटीत चलायची सवय. हात फाटी बांधलेले. आणि माड दिसलो काय वर बघूचास, नारळ मोजल्यासारे.”

ते डॉक्टरांचा निकाल ऐकावा तसे ऐकत होते. पाणी प्यायचं राहूनच गेलं. मग म्हणाले, “तुका आदीच याद होता.”

मी हो म्हटलं. ते रागावले नाहीत. मान हलवली, तांब्या पायरीवर ठेवला, पिशवी गळ्यात अडकवली, ‘येतंय, वैनी’ म्हणाले आणि निघाले. मी मागोमाग थांब्याच्या वळणापर्यंत गेले.

पहिली वीसेक पावलं हेच चालत होते. मी डोळे भरून पाहून घेतलं. गडग्याच्या टोकाशी भावजी थबकले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग टाचा घसटू लागल्या. तांबडी धूळ त्यांच्या मागे बारीक उडू लागली. खांदा एकदा वर गेला, पुन्हा जाईल म्हणून मी वाट पाहिली, तो गेला नाही. वळणावरच्या माडाखाली त्यांनी मान वर करून पाहिलं. एक थकलेला म्हातारा माणूस, आपल्या दोस्ताच्या मागून चालावं तसा चालत होता, आणि त्याच्या पुढे रस्त्यावर कोणी नव्हतं.

मी परत फिरले. घराशी आले तेव्हा पुढच्या पायरीवर पाय ठेवायला मन होईना. मागच्या बाजूने विहिरीवर गेले आणि भर दुपारी, नेसत्या लुगड्यानिशी, डोक्यावरून कळशी ओतून घेतली. मग दुसरी, मग तिसरी. गडग्यापलीकडून पेद्रू रिकामी टोपली घेऊन परत चालला होता. तो थांबला. म्हातारा झाला होता, पण मान तशीच ताठ होती.

“बाई, कोण गेलो?” त्याने विचारलं.

“वसंत,” मी म्हटलं.

पेद्रूने डोक्यावरची टोपली उतरवून खाली ठेवली.